कागद कोणत्या न्यायालयाचा? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी राज्य आणि संघीय न्यायालयांची ओळख

महाराष्ट्रात किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाच्या मनात न्यायालयांचे चित्र एका शिडीसारखे असते. खाली तालुक्याचे दिवाणी आणि फौजदारी न्यायालय, मग जिल्हा व सत्र न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वांत वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. कायदा संसदेने केलेला असो वा विधानसभेने, वाद न वटलेल्या चेकचा असो वा घरभाड्याचा, सामान्य माणसाचा खटला याच शिडीवर चढतो किंवा उतरतो. अमेरिकेत राहायला आल्यावर हे चित्र बाजूला ठेवावे लागते. येथे दोन शिड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत. एक राज्याची आणि दुसरी संघराज्याची, आणि राज्याच्या शिड्याही ५० राज्यांच्या ५० वेगवेगळ्या आहेत.

यामागचे कारण इतिहासात आहे. अमेरिका हे राष्ट्र होण्यापूर्वी तेथे १३ वसाहती होत्या आणि त्यांची न्यायालये आधीपासून चालू होती. मॅसॅच्युसेट्सचे सर्वोच्च न्यायालय १६९२ पासूनची परंपरा सांगते, म्हणजे ते देशाच्या राज्यघटनेपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुने आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने एक सर्वोच्च न्यायालय निर्माण केले आणि खालची संघीय न्यायालये स्थापण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिला. काँग्रेसने १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने ती स्थापली. राज्यांची न्यायालये मात्र बरखास्त झाली नाहीत, ती होती तशीच राहिली. म्हणून आजही राज्याच्या न्यायालयात जवळपास कोणताही वाद नेता येतो, तर संघीय न्यायालयात फक्त राज्यघटनेने आणि काँग्रेसने नेमून दिलेलेच वाद नेता येतात. घटस्फोट, भाडे, अपघात, वारसा, वाहतुकीचा दंड, चोरी, मारामारी हे सारे सामान्यतः राज्याच्या न्यायालयात चालते, आणि नव्याने आलेल्या कुटुंबाचा न्यायालयाशी संबंध आलाच तर तो बहुधा तेथेच येतो.

पहिली पायरी : कागदाचा माथा वाचणे

न्यायालयाचा कागद हाती आला की मजकुराआधी त्याचा माथा वाचावा. तेथे न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावे असतात. त्या नावावरून पुढचे सगळे ठरते: मुदत किती, कोणता वकील चालेल, अपील कोठे होईल आणि घरबसल्या माहिती कोठे मिळेल. हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण कागद पाहून घाबरलेली माणसे आधी रक्कम वाचतात, मग ओळखीच्या चार जणांना फोन करतात, आणि त्या चौघांचा अनुभव दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच न्यायालयाचा असतो.

नावे फसवी आहेत, म्हणून थोडे थांबून पाहू. ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ हे संघीय न्यायालय आहे. देशात आणि त्याच्या प्रदेशांत मिळून अशी ९४ न्यायालये आहेत, आणि प्रत्येक राज्यात किमान एक आहे. पण टेक्ससमध्ये नुसते ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’ म्हटले तर ते राज्याचे असते. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत राज्याच्या मुख्य खालच्या न्यायालयाला ‘सुपीरियर कोर्ट’ म्हणतात. सर्वांत मोठा गोंधळ न्यूयॉर्कमध्ये होतो, कारण तेथे ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटला प्रथम चालवणारे न्यायालय आहे आणि राज्याचे सर्वोच्च न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ या नावाने ऑल्बनीत बसते. तेव्हा न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टाचे समन्स आले म्हणून प्रकरण थेट देशाच्या वरिष्ठ न्यायाधीशांपुढे गेले, असे मुळीच समजू नये. टेक्ससमध्ये तर सर्वोच्च न्यायालयेच दोन आहेत, एक दिवाणी प्रकरणांसाठी आणि एक फौजदारी प्रकरणांसाठी. ओक्लाहोमातही तशीच रचना आहे.

माथ्यावर ‘डिपार्टमेंट ऑफ जस्टिस’ आणि ‘इमिग्रेशन कोर्ट’ असे शब्द असतील, तर तो कागद या दोन्ही शिड्यांबाहेरचा आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

दुसरी पायरी : तारखेला धरून चालणे

भारतातल्या न्यायालयांत ‘तारीख पडते’ आणि पुढे ढकलली जाते, हा आपला अनुभव असतो. अमेरिकेत हा अनुभव धरून वागणे धोक्याचे आहे. दाव्याची रीतसर बजावणी झाली, म्हणजे समन्स आणि दाव्याची प्रत तुमच्या हाती किंवा कायद्याने मान्य केलेल्या पद्धतीने तुमच्या घरी पोहोचली, की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करण्याची मुदत सुरू होते. संघीय न्यायालयात ती साधारणपणे २१ दिवसांची, कॅलिफोर्नियाच्या सुपीरियर कोर्टात ३० दिवसांची आणि न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टात ३५ दिवसांची असते. टेक्ससमध्ये बजावणीनंतर २० दिवस उलटल्यावर येणाऱ्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत उत्तर द्यावे लागते. मुदत टळली की वादी एकतर्फी हुकूमनामा मागू शकतो, आणि तो बहुधा मिळतोही. मग बँकेच्या खात्यावर टाच येऊ शकते किंवा पगारातून वसुली सुरू होऊ शकते. तुमची बाजू कितीही खरी असली तरी ती ऐकली जात नाही, कारण ती वेळेत मांडलेलीच नसते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि तेही लवकर.

दावा तुम्हालाच करायचा असेल तर मुदतीचा कायदा पाहावा. शारीरिक इजेच्या दाव्यासाठी कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत साधारण २ वर्षे मिळतात, न्यूयॉर्कमध्ये ३. सरकारी संस्थेविरुद्ध दावा असेल, उदाहरणार्थ शहराच्या बसने धडक दिली असेल, तर त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत फारच कमी असते: न्यू जर्सीत ९० दिवस, कॅलिफोर्नियात ६ महिने. इस्पितळातून घरी येऊन सावरेपर्यंत हे ९० दिवस निघून जातात, म्हणून कुटुंबातल्या दुसऱ्या कोणीतरी याची आठवण ठेवावी.

तिसरी पायरी : दोन शिड्यांपैकी कोणती, हे ठरवणे

संघीय न्यायालयाचे दार मुख्यतः दोन कारणांनी उघडते. पहिले कारण म्हणजे वाद संघीय कायद्याखाली किंवा राज्यघटनेखाली उद्भवलेला असणे. पेटंट, कॉपीराइट आणि दिवाळखोरीची प्रकरणे संघीय न्यायालयातच चालतात. नोकरीतल्या भेदभावाचा संघीय कायद्याखालचा दावा किंवा नागरिकत्वाच्या अर्जावर इमिग्रेशन खात्याने अवाजवी विलंब लावल्याची तक्रारही येथे येऊ शकते. दुसरे कारण म्हणजे दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असणे, किंवा एक पक्ष परदेशी नागरिक असणे, आणि वादाची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असणे. परक्या राज्यातल्या माणसाला स्थानिक न्यायालयात पक्षपाताची भीती वाटू नये, हा त्यामागचा मूळ हेतू आहे.

या दुसऱ्या नियमात आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखा एक बारकावा आहे. न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणारा माणूस या नियमापुरता परदेशी नागरिक धरला जातो. पण ग्रीन कार्ड मिळून न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माणसाचा वाद न्यू जर्सीच्याच नागरिकाशी असेल, तर केवळ परदेशी नागरिकत्वाच्या आधारे त्याला संघीय न्यायालयात जाता येत नाही. दोन्ही बाजूंना फक्त परदेशी नागरिक असतील तरीही हे दार बंद असते. एकाच शहरातल्या दोन भारतीय भागीदारांचा व्यवसायाचा वाद कितीही मोठ्या रकमेचा असला तरी तो बहुधा राज्याच्याच न्यायालयात चालतो, तो याचमुळे.

तुम्ही राज्याच्या न्यायालयात दावा लावला आणि समोरच्या कंपनीने तो संघीय न्यायालयात हलवला, असेही घडते. तसे करण्यासाठी प्रतिवादीला ३० दिवसांची मुदत असते. यात दाव्याचे काही नुकसान झालेले नसते. नागरिकत्वाच्या भेदामुळे संघीय न्यायालयात गेलेल्या वादात न्यायाधीश राज्याचाच कायदा लावतात, असे १९३८ पासून ठरलेले आहे. बदलतात ते कामकाजाचे नियम आणि मुदती, आणि त्या नव्या मुदती लगेच पाहून घ्याव्या लागतात.

काही वादांत न्यायालयाआधी दुसरे दार ठोठावावे लागते. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार आधी समान रोजगार संधी आयोगाकडे करावी लागते, आणि तिची मुदत राज्यानुसार १८० किंवा ३०० दिवसांची असते. एच-१बीवरच्या कर्मचाऱ्याला मान्य केलेला पगार दिला नसेल, तर संघीय कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. नोकरीच्या करारात लवादाचे कलम असेल तर वाद न्यायालयाऐवजी लवादापुढे जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम शोधून वाचावे.

एक उदाहरण : न्यू जर्सीतल्या घराचे डिपॉझिट

सारे नियम एकदम सांगण्यापेक्षा एक साधा वाद घेऊन राज्याच्या शिडीवर चढून पाहू. एडिसनमध्ये भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने घर सोडले आणि घरमालकाने ३,२०० डॉलरचे डिपॉझिट परत केले नाही, असे समजा. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे घरमालकाला दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि घर सोडल्यापासून ३० दिवसांत ते व्याजासह, काही रक्कम कापली असेल तर तिच्या तपशिलासह परत करावे लागते. अन्यायाने अडवलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम न्यायालय देऊ शकते.

प्रथम घरमालकाला लेखी मागणीचे पत्र पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. मग दाव्याची रक्कम पाहावी. सुपीरियर कोर्टाच्या ‘स्पेशल सिव्हिल पार्ट’मध्ये ५,००० डॉलरपर्यंतचे दावे लहान दाव्यांच्या विभागात आणि २०,००० डॉलरपर्यंतचे त्याच्या वरच्या विभागात चालतात. त्याहून मोठे दावे लॉ डिव्हिजनच्या ‘सिव्हिल पार्ट’मध्ये जातात. ३,२०० ची दुप्पट ६,४०० होते, म्हणजे दुप्पट रक्कम मागायची असेल तर लहान दाव्यांची मर्यादा ओलांडली जाते. येथे माणसाने विचार करून निवड करावी. लहान दाव्यात वरची १,४०० डॉलरची रक्कम सोडून द्यावी लागेल, पण प्रकरण सोपे आणि जलद होईल. प्रतिवादीला तेथे लेखी कैफियतही द्यावी लागत नाही, त्याने ठरल्या दिवशी हजर राहायचे असते. दावा सामान्यतः प्रतिवादी राहतो त्या काउंटीत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात, लावतात.

सुनावणीच्या दिवशी भाडेकरार, डिपॉझिट भरल्याचा बँकेचा पुरावा, घरात येताना आणि सोडताना काढलेली छायाचित्रे, आणि घरमालकाशी झालेले ईमेल किंवा संदेश छापून न्यावेत. फोनवर दाखवतो म्हणणे पुरत नाही, कारण न्यायाधीशांना आणि समोरच्याला देण्यासाठी प्रत लागते. न्यायाधीशांसमोर जाण्याआधी बहुधा मध्यस्थाच्या मदतीने तडजोडीचा प्रयत्न केला जातो. तडजोड झाली तर ती लिहून घेऊन त्यावर सह्या कराव्यात. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी न्यायालय पैसे आणून देत नाही, वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आपल्याकडच्या दरखास्तीसारखाच हा टप्पा आहे.

निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत अपेलेट डिव्हिजन या राज्याच्या अपील न्यायालयाकडे जाता येते आणि त्यावर ट्रेंटन येथे राज्याचे सात न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय आहे. अपिलात नवा पुरावा घेतला जात नाही, खालच्या न्यायालयाने कायदा चुकीचा लावला का, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. म्हणून हाती असलेला सगळा पुरावा पहिल्याच सुनावणीत मांडावा.

इतर राज्यांत लहान दाव्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो आणि सुनावणीत वकील बाजू मांडू शकत नाही. टेक्ससमध्ये ‘जस्टिस ऑफ द पीस’च्या न्यायालयात ही मर्यादा २०,००० डॉलर आहे.

जाता जाता भाडेकरूंसाठी एक गोष्ट: भाडे थकले तरी न्यू जर्सीतला घरमालक स्वतः कुलूप बदलून कोणाला बाहेर काढू शकत नाही. त्याला न्यायालयाचा हुकूम लागतो आणि तो हुकूम न्यायालयाचा अधिकारीच अमलात आणतो.

फौजदारी प्रकरण : सर्वांत जास्त काळजी येथे

फौजदारी कायदाही मुख्यतः राज्याचा असतो. राज्यात काउंटीचे सरकारी वकील खटला चालवतात, तर संघीय गुन्ह्यांत, म्हणजे व्हिसाची फसवणूक, बँकेची फसवणूक, संघीय करचुकवेगिरी यांसारख्या प्रकरणांत, संघीय सरकारी वकील. एकाच कृत्याबद्दल दोन्ही सरकारे स्वतंत्रपणे खटला भरू शकतात आणि तो एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा देण्याचा प्रकार मानला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे तत्त्व पुन्हा कायम केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथा येथे श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय अभियंत्याची हत्या झाली. मारेकऱ्याला २०१८ मध्ये आधी राज्याच्या न्यायालयात खुनासाठी जन्मठेप झाली, आणि त्याच वर्षी संघीय न्यायालयात द्वेषमूलक गुन्ह्यासाठी पुन्हा जन्मठेप झाली. दोन शिड्या म्हणजे काय, हे या एका प्रकरणात स्पष्ट दिसते.

अटक झाली तर गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क आहे, तो शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत मागावा. वकील परवडत नसेल आणि तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकत असेल, तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. भारतीय नागरिकांच्या बाबतीत ही सूचना आपोआप जात नाही, ती मागावी लागते. भारताची वकिलात वॉशिंग्टनमध्ये आहे आणि न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, ह्यूस्टन, अटलांटा व सिॲटल येथे वाणिज्य दूतावास आहेत.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. दुकानातून किरकोळ वस्तू उचलल्याचा आरोप न्यू जर्सीत, वस्तूची किंमत २०० डॉलरपेक्षा कमी असेल तर, म्युनिसिपल कोर्टात चालतो. तेथे वातावरण साधे असते, प्रकरणे भराभर निघतात, आणि ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, घरी जा’ असे सोपे वाटू लागते. पण इमिग्रेशनच्या कायद्यात ती कबुली दोषसिद्धी ठरते आणि चोरीचा गुन्हा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व या तिन्हींच्या आड येऊ शकतो. आरोप नाकारतही नाही आणि स्वीकारतही नाही अशा स्वरूपाचे उत्तर दिले, किंवा कबुलीनंतर शिक्षा लांबणीवर टाकून प्रकरण पुढे मिटवले, तरी इमिग्रेशन कायदा तीही अनेकदा दोषसिद्धीच मानतो. राज्याच्या न्यायालयाने नंतर नोंद पुसली तरी इमिग्रेशनच्या कामात तिचा उपयोग सहसा होत नाही. परदेशी नागरिकाला कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का, हे वकिलाने सांगितलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले आहे. म्हणून कोणत्याही कबुलीपूर्वी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्यावा. हा खर्च पुढच्या आयुष्याच्या मानाने लहान आहे.

घरात मारहाण होत असेल तर ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. न्यू जर्सीत सुपीरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टकडून, आणि न्यायालय बंद असताना पोलिसांमार्फत, तात्पुरता संरक्षणाचा हुकूम मिळतो आणि अंतिम सुनावणी साधारण १० दिवसांत ठेवली जाते. यासाठी नागरिकत्व किंवा स्वतंत्र व्हिसा लागत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीलाही हा हक्क पूर्णपणे आहे.

न्यू जर्सीत वाहतुकीचे तिकीटही म्युनिसिपल कोर्टाचेच असते. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, आणि काहीच न करणे म्हणजे परवाना निलंबित होण्याची आणि अटकेच्या वॉरंटची वाट पाहणे. त्यामुळे तिकिटावरच्या तारखेपूर्वी यांपैकी काय करायचे, ते ठरवावे.

इमिग्रेशन कोर्ट कोठे बसते?

इमिग्रेशन कोर्टाला नाव न्यायालयाचे असले तरी ते न्यायसंस्थेचा भाग नाही. ते सरकारच्या न्याय खात्यातील, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या एका कार्यालयाखाली चालते आणि तेथील न्यायाधीशांना संघीय न्यायाधीशांसारखी आजीवन नेमणूक नसते. ‘हजर होण्याची नोटीस’ आली की प्रकरण तेथे सुरू होते. वकील करता येतो, पण सरकार वकील देत नाही. सुनावणीला गैरहजर राहिल्यास त्याच दिवशी हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. निर्णयावर व्हर्जिनियातील फॉल्स चर्च येथील इमिग्रेशन अपील मंडळाकडे जाता येते, आणि त्यानंतरच प्रकरण खऱ्या अर्थाने न्यायसंस्थेत, म्हणजे संघीय अपील न्यायालयात पोहोचते.

येथे पत्त्याची चूक फार महागात पडते. परदेशी नागरिकाने घर बदलल्यावर १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचे असते. पण प्रकरण इमिग्रेशन कोर्टात चालू असेल, तर न्यायालयाला पाच दिवसांत वेगळ्या अर्जावर पुन्हा कळवावे लागते. एका ठिकाणी दिलेला पत्ता दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो, असे गृहीत धरू नये.

संघीय शिडीच्या वरच्या पायऱ्या

९४ जिल्हा न्यायालयांवर १३ अपील न्यायालये आहेत. त्यांपैकी ११ क्रमांकाने ओळखली जातात, एक राजधानीचे आहे आणि एक पेटंटसारख्या विशिष्ट विषयांचे. न्यू जर्सीचे अपील फिलाडेल्फियाच्या तिसऱ्या विभागाकडे, कॅलिफोर्नियाचे सॅन फ्रान्सिस्कोच्या नवव्या विभागाकडे आणि टेक्ससचे न्यू ऑर्लिन्सच्या पाचव्या विभागाकडे जाते. दिवाणी अपिलाची मुदत साधारण ३० दिवस, आणि सरकार पक्षकार असेल तर ६० दिवस असते. फौजदारी खटल्यातल्या आरोपीला केवळ १४ दिवस मिळतात. एका विभागाचा निर्णय दुसऱ्या विभागावर बंधनकारक नसतो, म्हणून कॅलिफोर्नियातल्या मित्राच्या प्रकरणात जे ठरले ते तुमच्याही प्रकरणात ठरेल असे नाही.

सर्वांत वर नऊ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय आहे, आणि ही संख्या १८६९ पासून तीच आहे. तेथे जाणे हा सामान्यतः हक्क नसतो. ९० दिवसांत अर्ज करायचा, आणि नवांपैकी चार न्यायाधीशांना तो घ्यावासा वाटला तरच सुनावणी होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून येथे यायचे असेल तर प्रकरणात संघीय कायद्याचा किंवा राज्यघटनेचा प्रश्न असावाच लागतो. एडिसनच्या डिपॉझिटचा वाद ट्रेंटनलाच संपतो.

ज्यूरीचे पत्र, वकील आणि दुभाषा

ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीवरून ज्यूरीची नावे निवडली जात असल्याने नागरिक नसलेल्यांनाही ज्यूरीचे पत्र येते. नागरिक नसलेल्या माणसाला ज्यूरीत बसता येत नाही, पण पत्र टाकून देऊ नये. सोबतच्या प्रश्नावलीत आपण नागरिक नाही असे खरे लिहून ती मुदतीत परत पाठवावी. चुकूनही ‘नागरिक’ या चौकटीवर खूण करू नये, कारण नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशनमध्ये अतिशय गंभीर मानला जातो. ‘ज्यूरीला आला नाहीत, अटक टाळायची तर आत्ता पैसे भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजून बंद करावा. न्यायालये फोनवर असे पैसे मागत नाहीत.

वकिलाचा परवाना राज्याचा असतो. न्यूयॉर्कचा वकील न्यू जर्सीच्या न्यायालयात आपोआप उभा राहू शकत नाही. इमिग्रेशनचा कायदा मात्र संघीय असल्याने त्यासाठी कोणत्याही राज्याचा परवानाधारक वकील चालतो. भारतात नोटरी हा बहुधा वकीलच असतो. येथे नोटरी फक्त सही साक्षांकित करतो, त्याच्याकडून कायद्याचा सल्ला किंवा इमिग्रेशनचे अर्ज करून घेऊ नयेत. खटला जिंकला तरी स्वतःच्या वकिलाचा खर्च सामान्यतः स्वतःलाच सोसावा लागतो. अपघाताच्या दाव्यांत वकील वसूल रकमेच्या साधारण एक तृतीयांश वाट्यावर काम करतात. कारकुनाच्या खिडकीवर अर्ज आणि कार्यपद्धतीची माहिती मिळते, सल्ला मिळत नाही. संघीय खटल्यांचे कागद पेसर या सरकारी संकेतस्थळावर पानाला १० सेंट दराने पाहता येतात, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतची रक्कम माफ होते.

भेटीला आलेल्या आईवडिलांना साक्ष द्यावी लागली, किंवा स्वतःला इंग्रजीत अडखळल्यासारखे वाटले, तर दुभाष्याची मागणी आधीच लेखी करावी. अनेक राज्यांची न्यायालये तो विनामूल्य देतात. मागताना ‘मराठी’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर भारतीय म्हणून हिंदीचा दुभाषा येतो आणि साक्षीतले बारकावे निसटतात. घरातल्या मुलाला दुभाषा म्हणून उभे करू नये.

घटस्फोट, मुलांचा ताबा आणि भारतातली मान्यता

विवाह भारतात झाला असला तरी राहण्याची अट पूर्ण केली की राज्याच्या न्यायालयात घटस्फोट मागता येतो. न्यू जर्सीत सामान्यतः एक वर्ष, कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने, टेक्ससमध्ये सहा महिने आणि काउंटीत ९० दिवस वास्तव्य लागते. पण तो हुकूमनामा भारतात मान्य होईलच असे नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव यांच्या प्रकरणात सांगितले, की ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यात नसलेल्या कारणावर, किंवा दुसरा पक्ष खऱ्या अर्थाने सहभागी झालेला नसताना दिलेला परदेशी घटस्फोट सामान्यतः बंधनकारक नाही. म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या विवाहात दोघांची संमती आणि प्रत्यक्ष सहभाग नोंदीवर यावा, यासाठी दोन्ही देशांतल्या वकिलांशी बोलूनच पुढे जावे.

मुलांच्या ताब्याचा निर्णय बहुधा ते मूल मागचे सहा महिने ज्या राज्यात राहिले त्या राज्याचे न्यायालय करते. मुलांना परदेशी नेऊन ठेवण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे वाद चालू असताना मुलांना घेऊन भारतात जायचे असेल तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाचा हुकूम आधी मिळवावा.

पैशांच्या हुकूमनाम्याबाबत, भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेखाली अमेरिका परस्पर मान्यतेच्या देशांत मोडत नाही. त्यामुळे अमेरिकेतला हुकूमनामा पुण्यात किंवा पणजीत थेट वसुलीसाठी लावता येत नाही, त्याच्या आधारे तेथे नवा दावा करावा लागतो. त्यासाठी न्यायालयाच्या कारकुनाकडून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्यावी आणि तिच्यावर राज्याच्या सक्षम कार्यालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचे प्रमाणपत्र, करून घ्यावे. न्यू जर्सीत हे काम राज्याचे ट्रेझरी खाते करते. निकालाच्या वेळीच अशा दोन-तीन प्रती घेतल्या, तर पुढे भारतात बसून त्या मागवण्याचा खटाटोप वाचतो.